रॉकेलच्या डब्यातला द्राक्षवेल

माझ्या हातून मेलेल्या प्रत्येक झाडाने आमच्या ख्रिस्ती मंडळीला एकेक बोधपर भाषण मिळवून दिलं आहे. पोरं ही गोष्ट अधूनमधून मागून घेतात आणि मी सांगायला लागलो की त्यांची आई मध्येमध्ये दुरुस्त्या करते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावी. कागदाला मध्ये बोलता येत नाही.

पन्नास सालानंतरची चार-दोन वर्षं असतील. मी तिशीच्या आतला, वर्ध्याला मिशनच्या शाळेत मास्तर. पिपरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून कवेलूच्या छपराच्या दोन खोल्या, नवीन लग्न आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा. ती आमच्याकडेच का, तर बसायला दोन बाकं होती आणि बोलायला मी होतो.

मिशनच्या दवाखान्यातल्या मोठ्या मिसबाई मायदेशी परतल्या तेव्हा त्यांनी व्हरांड्यातल्या कुंड्या वाटल्या. मला तीन मिळाल्या: एक फर्न, एक बिगोनिया आणि एक रंगीत पानांचं झाड. ही झाडं घरात, सावलीत ठेवायची एवढंच त्यांनी सांगितलं होतं. घरात कुंडी ठेवायची रीत आमच्याकडे नव्हती. येणारा-जाणारा कुंडी पाहिली की आधी त्यात तुळस शोधायचा, मग आम्ही किरिस्ताव असल्याचं आठवून गप्प बसायचा.

फर्न पहिल्या वैशाखात गेलं. मी खडकाळ जमिनीवर पडलेल्या बियाण्यावर बोललो. बिगोनियाला मी इतकं पाणी घातलं की ती कुजली. त्या शुक्रवारी लाडाने बिघडणाऱ्या आत्म्याबद्दल बोललो. रंगीत पानांचं झाड उजेडाकडे वाकायचं. मी रोज कुंडी फिरवायचो, आणि ते बिचारं रोज नव्याने मान वळवायचं. आपणही असंच प्रकाशाकडे वळावं, असं मी तीन शुक्रवार सांगितलं. चौथ्या शुक्रवारी त्याची मान मोडली. बायको म्हणाली, "त्याले एका जागी सुखानं बसू देल्लं असतं तं वाचलं असतं." मी तेही भाषणात घेतलं, फक्त कोण म्हणालं ते सांगितलं नाही.

मग माझ्या डोक्यात द्राक्षवेल शिरला.

आमच्या शास्त्रातली बहुतेक झाडं वर्ध्याने पाहिलेलीच नाहीत. इथे कपाशी, तूर, ज्वारी. जैतुनाचं झाड कसं असतं, हे आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनाही ऐकूनच ठाऊक. प्रभूने स्वतःला वेल म्हटलं आणि आपल्याला फांद्या, पण तो वेल आम्ही पाहिला तो शब्बाथशाळेच्या रंगीत चित्रात. प्रभुभोजनाच्या प्याल्यातसुद्धा आमच्याकडे द्राक्षाचा रस नसे. शनिवारी मनुका उकळायच्या, कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळून ते पाणी रविवारी टेबलावर ठेवायचं. मला वाटलं, वर्ध्यात पिकलेल्या द्राक्षांचा रस त्या प्याल्यात पडावा, आणि तो माझ्या खिडकीतल्या वेलाचा असावा. देवाच्या गौरवासाठीच, अर्थात. पण तो गौरव माझ्या घरावरून जावा, एवढी माझी इच्छा होती.

नाशिककडच्या एका आतेभावाने ओल्या गोणपाटात गुंडाळून एक काडी आणून दिली. मी रॉकेलचा रिकामा डबा घेतला, बुडाला भोकं पाडली, कुंपणाकडची काळी, भुसभुशीत माती खोदून भरली, काडी रोवली आणि डबा पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवला. त्या खिडकीबाहेर हातभर वाट आणि पलीकडे मेंदीचं डोक्याइतकं उंच कुंपण. माती त्याच कुंपणाच्या बुडातली.

दोन महिने काडी काडीच राहिली. मी धीरावर बोलत होतो. श्रावणात काडीपासून चार बोटं अंतरावर एक कोंब वर आला. पाच बोटांच्या पंज्यासारखी पानं, आणि वळवळणारे तणावे. अगदी चित्रातल्यासारखे! मी बायकोला हाक मारली.

तिचं माहेर आर्वी तालुक्यातलं, रोहण्याचं, शेतकऱ्याच्या घरचं. ती वाकली, तिने पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तं मले..."

"थांब," मी म्हणालो, "आधी आपण आभार मानू."

मी डोळे मिटले. प्रार्थना जरा लांबली. डोळे उघडले तेव्हा ती चुलीकडे निघून गेली होती, कारण दूध उतू जात होतं. मी बोर्डिंगात वाढलेला माणूस. मला पानं माहीत होती ती पुस्तकातली, आणि पाहिली होती ती भाजी होऊन ताटात आलेली.

पाळकसाहेब नगरकडचे. पहिल्या शुक्रवारी त्यांनी वेल पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि खोकले. त्यांना दम्याचा त्रास असावा असं मला वाटलं, कारण पुढे मी वेलावर बोलायला लागलो की त्यांना हटकून खोकला यायचा.

आता कुंपणापलीकडची गोष्ट सांगतो.

तिथे एक म्हातारी राहायची. दवाखान्यात तीस वर्षं आया होती, सगळे तिला मावशी म्हणत. मंडळीतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, आणि प्रभुभोजनाच्या मनुका वर्षानुवर्षं तीच उकळायची. त्याच साली दिवाळीच्या आधी तिची लेक सेलूकडच्या एका खेड्यात बाळंतपणात अडली. मावशी धावली. दवाखान्याची गाडी गेली, सुई दिली, पाळकसाहेबांनी इकडे प्रार्थना केली, आणि लेकीच्या शेजारणीने मावशीला केळझरच्या गणपतीला नारळ बोलायला लावलं. लेक वाचली, नातही वाचली. मावशीने जाऊन नारळ फोडला, प्रसाद खाल्ला आणि परत येऊन स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

मंडळीच्या पंचांनी बोलावून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सुई दवाखान्याची, परार्थना पाळकसायबाची, आन् नारळ गनपतीचा. तिघायनं मिळून माही लेक वाचवली. आता मी कोनाले नाई म्हनू?"

पाच पंच होतो आम्ही. मी सर्वांत लहान, आणि अक्षर बरं म्हणून चिटणीस. ठरलं की मावशीने एक वर्ष प्रभुभोजन घ्यायचं नाही. वर्षाने पुन्हा विचार होईल. ते माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. तेव्हापासून ती उपासनेला यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रभुभोजनाची वेळ झाली की पदर सावरून बाहेर चिंचेखाली जाऊन उभी राहायची. मनुका माझी बायको उकळायला लागली. मी कुंपणापलीकडे जाणं बंद केलं. भांडण नव्हतं, पंचाने शिस्तीची शिक्षा चालू असलेल्या माणसाकडे उठबस करू नये, असं माझं मत होतं. बायकोला असं काही मत नव्हतं.

इकडे वेल वाढत होता. उन्हाळ्यात तो बुडापर्यंत वाळला. मी मरणातून उठण्यावर बोललो. मृगानंतर तो खरंच उठला, तेव्हा माझ्या शब्दाला मंडळीत वजन आलं. मी सुतळी बांधून त्याला भिंतीवरून फिरवलं, प्रभूच्या तसबिरीभोवती कमान केली, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली. एकदा पांढरं फूल आलं. मी शुद्धतेवर बोललो. पाळकसाहेबांना पाणी द्यावं लागलं.

फक्त दोन गोष्टी बिनसत होत्या. एक म्हणजे फळ धरत नव्हतं. दुसरी म्हणजे एक फांदी सारखी खिडकीच्या गजांतून बाहेर पळायची. मी आत ओढायचो, सुतळीला बांधायचो. आठ दिवसांत ती पुन्हा बाहेर. शेवटी ती कुंपण ओलांडून पलीकडे गेली, इतकी लांब की मी नाद सोडला. सभेत मी तिला 'जगात गेलेली फांदी' म्हणायचो. बायका एकमेकींकडे बघायच्या. मला वाटायचं, बोध पोचतोय.

आणि जेवायला रोज तोंडली.

"आज पुन्हा तोंडली?" मी विचारायचो.

"देनारे देऊन राह्यले. खानाऱ्यानं गुमान खावं."

कधी नुसती परतलेली, कधी दाण्याचं कूट घालून, कधी भरलेली. चवीला उत्तम असायची. खाता खाता मी वेलाच्या वांझपणाबद्दल बायकोशी बोलायचो. फळाविना पानं म्हणजे नुसता देखावा, असं तोंडल्याचा घास तोंडात असताना म्हणालेलं मला स्पष्ट आठवतं.

वर्ष भरत आलं तशी मावशीची गोष्ट पुन्हा निघाली. ती लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. त्या खेड्यात मंडळी नाही, पाळक नाही. तिने पाळकसाहेबांकडे एवढाच निरोप धाडला: "जायाच्या आधी एक डाव मले टेबलाशी येऊ द्या. मंग कोन देते मले?"

दोन पंच हो म्हणाले, दोन नाही म्हणाले. नाही म्हणणारे म्हणत, बाईने नारळाबद्दल अजून चुकलं म्हटलेलं नाही. पाचवा मी. शुक्रवारच्या सभेनंतर आमच्याच घरी निकाल व्हायचा होता, रविवारी प्रभुभोजन होतं आणि मंगळवारी ती जाणार होती.

मी काय म्हणणार हे माझं ठरलेलं होतं. नुसतं म्हणणार नव्हतो, दाखवणार होतो. जी फांदी वेलाशी राहत नाही, बाहेर जाते, फळ देत नाही, ती माळी कापतो. मी सर्वांसमक्ष ती फांदी कापणार होतो. शेजारच्या शिंप्याकडून मोठी कात्री आणली. बायकोने कात्री पाहिली.

"काय कापता?"

मी सांगितलं.

ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "वेलाले दीड वरीस सांभाळलं. फळ नाई म्हनून त्याले काई घराबाहेर नाई काहाडलं. बाईले एकच वरीस पुरे झालं का?"

"तो दृष्टांत वेगळा आहे," मी म्हणालो.

"हो. तो वेल तुमचा हाय."

शुक्रवारी माणसं जमली. पाळकसाहेब, चौघे पंच, सात-आठ बायका. मावशीला निकाल ऐकायला बोलावलं होतं. ती आत न येता आपल्याच अंगणात थांबली, 'हाक मारा, येतो,' म्हणाली. मी सुरुवात केली. मुळं, माती, उजेड, आधार अशी आत्मिक वाढीची एकेक पायरी घेत मी खिडकीपर्यंत आलो. पंधरा मिनिटं झाली होती. मी कात्री उचलली आणि म्हणालो, "आता ही फांदी पाहा. घरात सगळं मिळत असताना ही बाहेर गेली. हिने काय मिळवलं?"

आणि काय मिळवलं ते सर्वांना दिसावं म्हणून मी फांदी आत ओढायला लागलो.

ती येईना. मी एक पाय भिंतीला लावला आणि जोर केला. पलीकडे काहीतरी कडाडलं, बांबू पडल्यासारखं. फांदी एकदम सैल झाली, मी बाकावर बसलेल्या दोन पंचांच्या मध्ये जाऊन बसलो, आणि माझ्यामागून गजांतून सरसर आत आली ती तोंडली. हिरवी, पांढऱ्या रेघांची, बोटाएवढी, जोडीजोडीने लटकलेली. दोन-चार पिकून लालभडक. फांदीला जागोजागी जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या, हळुवार, पट्टी बांधावी तशा.

बायकांनी पदर तोंडाला लावले.

खिडकीबाहेरून आवाज आला, "मास्तर! काऊन वढून राह्यले? माहा मांडव पाडला ना!"

मग कुंपणावरून मावशीचं डोकं दिसलं. ती कशावर तरी चढून पाहत होती.

"मावशी," मी कसाबसा म्हणालो, "हे तुमचं आहे?"

"वेल तुमचा, मांडव माहा. फांदी आली कुंपनावरून, लोंबकळून राह्यली होती. तिले टेकू देल्ला. ऊन होतं, माशा-फुलपाखरं होती, लागली फळाले. अर्धे मी खाल्ले, अर्धे तुमच्या घरी देल्ले. तुमी रोजच खाता ना?"

मी बायकोकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने चेहरा सरळ ठेवला होता. तीस वर्षांच्या संसारात मी तिला इतका सरळ चेहरा ठेवताना पुन्हा पाहिलेलं नाही.

"पण नाशिकची काडी..." मी म्हणालो.

"काडी मेली पयल्याच महिन्यात," मावशी म्हणाली. "तुमी माती नेली माह्या कुंपनाची. तिच्यात तोंडल्याचं मूळ गेलं असन. ते काई मरत नाई."

पाळकसाहेब या वेळी खोकले नाहीत. मी त्यांना विचारलं, "साहेब, तुम्हाला ठाऊक होतं?"

"आमच्याकडे द्राक्षाचे मळे आहेत, मास्तर."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही इतकं चांगलं बोलत होता. आणि बोलताना तुमच्या वेलाकडे पाहत होता, माझ्याकडे नाही."

हा त्यांचा एकच टोमणा मला पुरला. कात्री अजून माझ्या हातात होती. भाषणाचं शेवटचं वाक्य तोंडपाठ होतं, पण ते आता कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्याच तोंडाने दुपारी तिची भाजी खाल्ली होती. 'जी फळ देत नाही' असं म्हणायला फांदीही सोयीची राहिली नव्हती. आत, तसबिरीभोवती, जिला मी रोज पुसत होतो ती कमान कोरडी होती. तिथे ना ऊन, ना माशी.

"मास्तर," पाळकसाहेब म्हणाले, "दोन हो, दोन नाही. तुमचं काय?"

"माझं काही म्हणणं नाही."

"म्हणणं नाही कसं? पंधरा मिनिटं तर तुम्हीच बोललात."

मी कात्री बाकाखाली सरकवली. म्हणालो, "येऊ द्या तिला."

एक पंच चुळबुळले. "बाईने नारळाचं काही म्हटलेलं नाही अजून."

पाळकसाहेब खिडकीशी गेले. "मावशी, नारळाबद्दल काय म्हणता?"

मावशी कुंपणावरून म्हणाली, "चुकलं असन तं देव मले सांगन, साहेब. माही त्याची बोलाचाल बंद नाई. पन लेक वाचली ते चुकलं, असं मी म्हननार नाई."

कार्यवृत्तात मी लिहिलं, 'बाईंनी समाधानकारक उत्तर दिले.' कोणाचं समाधान झालं ते लिहिलं नाही. सही करताना त्या पंचांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, फांदीवरच्या तोंडल्यांकडे पाहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडव उभा करायला गेलो. वर्षभरात पहिल्यांदाच कुंपणापलीकडे पाऊल टाकलं. मावशी खाटेवर बसून सूचना देत होती. "तो बांबू नाई, तो. गाठ अशी मारतेत का? मास्तर, तुमाले शाळेत कोन ठेवलं?" तासाभराने वाकडा का होईना, मांडव उभा राहिला. फांदी मी जपून गजांतून परत बाहेर काढली. चार-पाच तोंडली त्यात गळाली, ती तिने माझ्या खिशात घातली.

"आता हिले आत वढजो नोका," ती म्हणाली.

रविवारी प्रभुभोजनाची वेळ झाली तशी ती सवयीने पदर सावरून उठली आणि दाराकडे निघाली. माझ्या बायकोने तिचा हात धरला आणि तिला पुढे वळवलं. त्या दिवशी प्याल्यांची थाळी धरायची पाळी माझी होती. मावशी टेबलाशी गुडघे टेकून बसली. तिने प्याला दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरला. मागची माणसं थांबली होती. मग तिने तो पिऊन रिकामा थाळीत ठेवला आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मनुका कमी पडल्या, मास्तर. पुढच्या बारीले मूठभर जास्त सांगजो तुमच्या बाईले."

तिचे डोळे भरले होते. माझे का भरले होते, याबद्दल घरात दोन मतं आहेत. बायकोच्या मते मांडव बांधताना गेलेलं कुसळ दोन दिवस निघालं नव्हतं.

मंगळवारी ती गेली. पुढे बराच काळ तिच्या खोलीत कोणी राहायला आलं नाही. मूळ माझ्या डब्यात आणि फळं तिच्या ओसाड अंगणात, अशी विभागणी राहिली. शुक्रवारच्या सभा चालूच होत्या, पण मी पाळकसाहेबांना बोलायला सांगायचो आणि बाकावर बसून ऐकायचो. मला खोकला येत नसे. सकाळी शाळेच्या आधी मी टोपली घेऊन कुंपण ओलांडायचो, मांडवाखाली वाकून तोंडली तोडायचो, आणि स्वयंपाकघरातून मागून आवाज यायचा:

"लाल झालेले तोडजो नोका. पाखरायचे हायेत ते."